खिचडीच्या चुलीवरची फुंकणी

मी फुंकणी बोलतेय. दचकू नका. तोंड मला आहे, उलट दोन आहेत. पण दुसऱ्याचा वारा इकडून घ्यायचा आणि तिकडं सोडायचा, यातच माझा जन्म गेला. स्वतःचं काही सांगायला सवड म्हणून मिळाली नाही. आता सवडच सवड आहे. न्हाणीजवळच्या कोनाड्यात पडून असते, दिवसभर कोंबड्या बघते.

माझं कौतुक करून घ्यायला मी बोलत नाही. मला सोजराबाईचं सांगायचं आहे. तिच्या छातीत नेमकं काय आहे, हे कळायला सगळ्यांची किती तारांबळ झाली, ते मी पिशवीत बसून ऐकलं आहे.

मूळची मी हापशाचा पाइप. आखाडा बाळापूरहून आतल्या रस्त्याला लागलं की आमचं गाव. तिथल्या शाळेत हापसा बसवायला शेषराव मिस्त्री होते. काम झालं, हात-दीड हात तुकडा उरला. तो त्यांनी घरी आणला. एक तोंड दगडावर धरून हातोडीनं चेपलं, दुसरं कानशीनं घासघासून गुळगुळीत केलं. ओठाला लागू नये म्हणून बोट फिरवून फिरवून बघत होते. मग बायकोला म्हणाले, "घे. शाळंत चुलीला लागंल."

बायको म्हणजे सोजराबाई. शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम तिला नुकतंच लागलं होतं. तिनं मला उचललं, आरपार बघितलं आणि म्हणाली, "सोन्याचा डाग मागितला तर हापसा दिला मला." पण हसली. तेव्हापासून मी तिची.

शाळेच्या मागं पत्र्याची खोली होती. खिडकी नावाला, तीही पोतं लावून बंद केलेली, नाहीतर कुत्री आत शिरायची. मधोमध दगडांची चूल आणि तिच्यावर न्हाणीच्या हंड्याएवढं पातेलं. सरपण म्हणजे पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या आणि मिळेल ते बाभळीचं. पावसाळ्यात ते ओलं असायचं. मग धूर असा कोंडायचा की समोरचं पातेलं चाचपून बघावं लागायचं.

लोक मला धुराची सखी समजतात. तसं नाही हो. मी धूर करत नाही, मी आले की जाळ धरतो आणि धूर हटतो. पण जाळ धरेपर्यंत बाईला तोंड चुलीशी नेऊन बसावं लागतं. एकदा पोटातून फुंकलं की पुढचा मोठा श्वास आत ओढावा लागतो. तो कुठला ओढणार? तिथलाच.

संध्याकाळी ती मला घरी घेऊन जायची. शाळेत ठेवलं तर पोरं माझी तलवार करायची. एका पोरानं मला डोळ्याला लावून चंद्र शोधला होता भरदुपारी.

माणसांच्या तऱ्हा मी त्या खोलीतून पुष्कळ पाहिल्या. तपासणीला आलेले साहेब दारातच रुमाल नाकाला लावायचे, "व्वा, छान व्यवस्था," म्हणायचे आणि वळायचे. पोरांना वाढण्याआधी मोठ्या माणसानं चव घ्यायची, असा शाळेचा नियम. गुरुजी ओट्यावरूनच मान उंचावून म्हणायचे, "बाई, रंग छान आलाय, वाढा." सोजराबाई ऐकायची नाही. एक घास वरचा आणि एक पार तळचा, असे दोन घास स्वतः खाल्ल्याशिवाय तिनं कधी पळी उचलली नाही.

एकदा हळद अशी सुरेख उतरली होती की गुरुजींनाही भूक लागली. हिनं घास घेतला आणि थुंकला. डाळीला कसलातरी कडवट वास मारत होता. अख्खं पातेलं खड्ड्यात ओतलं आणि पुन्हा चूल पेटवली. पोरं उशिरा जेवली, गुरुजी धुसफुसले. ती म्हणाली, "मंग काय रंग बघून लेकराच्या तोंडात घालू?"

त्या लेकरांत तिचं स्वतःचं लेकरूही होतं. प्रेमानंद. पंगतीत शेवटी बसायचा, म्हणजे तळची खरवड मिळते. माय वाढायला आली की ताट पुढं करून डोळे मिचकवायचा. खिचडी खाऊन पोरगं वाढलं, बाळापूरला शिकलं, हिंगोलीला एका कार्यालयात कारकून लागलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. लग्न झालं, पल्लवी सून म्हणून आली, लेकरू झालं. घरात गॅस आला, त्याच्या सिलेंडरला पल्लवीनं नक्षीचं कव्हर शिवलं. सगळं बराबर झालं, फक्त एक गोष्ट मला बोचायची. हिंगोलीची माणसं घरी आली आणि "आई काय करतात?" असं कुणी विचारलं की प्रेमानंद म्हणायचा, "काही नाही, घरीच असते." सोजराबाई तेव्हा माठाजवळ उभी असायची. पाण्याचा तांब्या भरायची. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू.

खोकला आधी मला कळला. शेषरावांना नाही, तिलाही नाही. पूर्वी तिची फुंकर माझ्यातून सरळ जायची, एका दमात. मग ती मधेच तुटायला लागली. अर्ध्यात थांबायची, खोकायची, पदरानं तोंड पुसायची, पुन्हा लावायची. "धुराचा हाय," म्हणायची. दिवाळी गेली, होळी आली, धुराचा खोकला काही जाईना. वजन उतरलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

पल्लवीनं हट्ट केला म्हणून तपासणी झाली. थुंकी तपासली, टीबी निघाला नाही. मग हिंगोलीला छातीचा फोटो काढला, तेव्हा उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग दिसला. तिथून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पाठवलं. दवाखान्याचं नाव विचारू नका, पिशवीतून सगळे दवाखाने सारखेच दिसतात.

हो, मीही गेले. लांबच्या रोग्यांसाठी तिथं धर्मशाळा होती, आवारात चुली मांडायला जागा होती. पल्लवीनं पिशवी भरली तेव्हा तवा, परात, पीठ आणि वर मी. सामान चोरीला जातं म्हणून ती पिशवी शेषराव सगळीकडं मांडीवर घेऊन बसायचे, डॉक्टरांच्या खोलीतसुद्धा. म्हणून तर मला सगळं ठाऊक.

डॉक्टर म्हणजे राजनंदिनी मॅडम. आवाज शांत, घाई नाही. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आई काय काम करतात? तंबाखू, बिडी, चुलीचा धूर?"

"काही नाही मॅडम," प्रेमानंद म्हणाला. "घरीच असतात. घरी गॅस आहे."

सोजराबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. पोराचा शब्द चारचौघांत खाली पडू द्यायचा नाही, ही तिची रीत.

मग पाठीतून सुई घालून त्या डागाचा तुकडा काढला. दुसऱ्या दिवशी खोकताना तिच्या रुमालावर थोडं रक्त आलं, दोन दिवसांनी थांबलं. तुकड्याचा निकाल आला, कॅन्सर. शेषरावांनी पिशवी पोटाशी घट्ट धरली.

मॅडम म्हणाल्या, "गाठ लहान आहे. बरोबर वेळेत आलात. कापून काढता येईल, पण त्याआधी एक बघायचं. छातीच्या मधोमध, श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना बारीक ग्रंथी असतात. त्या गाळणीचं काम करतात. आजार त्यांच्यात शिरला नसेल, तर ऑपरेशन करू आणि बरं होण्याची चांगली आशा आहे. शिरला असेल तर वाट वेगळी. मग नुसतं कापून भागणार नाही."

म्हणजे सगळं त्या ग्रंथींवर येऊन थांबलं. ती जगणार की नाही, ते त्या वाटाण्याएवढ्या ग्रंथींनी ठरवायचं.

त्यासाठी एक मोठा फोटो काढला. हाताच्या शिरेतून साखरेसारखं औषध सोडतात आणि शरीरात जिथं गडबड चालू असेल तिथं ते गोळा होऊन फोटोत उजेड पडतो. सोजराबाईला कितीतरी वेळ एकटीलाच निजवून ठेवलं, जवळ कुणाला जाऊ दिलं नाही. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "उपाशी निजवलं मला. इतकं निवांत मी बाळंतपणात बी निजले न्हवते."

फोटोत उजेड पडला. फुप्फुसातल्या गाठीवर पडला, आणि मधोमध श्वासनळीजवळच्या ग्रंथींवरही पडला. काळ्या कागदावर पिवळे ठिपके. प्रेमानंदनं मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला आणि गावाकडं पाठवला. झालं. संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या हातात ते ठिपके होते आणि जो तो डॉक्टर झाला होता. सगळ्यांचं एकच म्हणणं, पसरला.

धर्मशाळेच्या आवारात सोजराबाई भाकरी करत होती, मी तिच्या हातात. पलीकडच्या ओट्यावर प्रेमानंद फोनवर मामाशी बोलत होता, तिला ऐकू येणार नाही असं समजून.

"सुईनंच पसरला मामा. सुई लावली, रक्त आलं आन् आठ दिवसांत हे दिसलं. आता या मॅडम अजून एक सुई म्हणून राहिल्या, त्या ग्रंथीत. मी न्हाई करू देणार. घरी आणतो तिला. जितके दिवस हायत तितके दिवस तकलीफ तरी न्हाई व्हायची."

सोजराबाईनं भाकरी उलटली. तिची फुंकर माझ्यापर्यंत आली आणि तिथंच राहिली. भाकरी करपली, तिला कळलं नाही. शेषराव उठून आले, भाकरी काढून घेतली आणि तिच्या शेजारी बसले. मला त्या वेळी रडायला डोळे हवे होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत सगळे बसले. प्रेमानंदनं घरी न्यायचं बोलायला तोंड उघडलं आणि नेमकी तेव्हा मॅडमची नजर शेषरावांच्या मांडीवर गेली. माझं टोक पिशवीतून बाहेर डोकावत होतं.

"बाबा, ते काय आहे?"

"फुंकणी हाय मॅडम. चुलीची."

"घरी तर गॅस आहे म्हणालात ना? ही कोण फुंकतं?"

शेषराव पोराकडं बघायला लागले. प्रेमानंद टेबलाकडं. शेवटी पल्लवीच म्हणाली, "आत्याबाई शाळेत खिचडी करतात मॅडम. यांच्या लहानपणापासून करतात. पत्र्याच्या खोलीत, लाकडाच्या चुलीवर. शंभरावर लेकरांची."

प्रेमानंदचे कान लाल झाले. मॅडम त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या सोजराबाईकडं वळल्या.

"मावशी, धूर फार होता?"

"व्हता," ती म्हणाली. "पावसाळ्यात लई."

मॅडमनी फोटो पुन्हा उजेडावर लावला. "मग नीट ऐका. हे ठिपके बघून मीही काल काळजीत पडले. कॅन्सर असला तरी असाच उजेड पडतो. पण जुनी सूज असली, टीबीचा डाग असला, वर्षानुवर्षांच्या धुराची काजळी ग्रंथीत साठली असली तरी उजेड असाच पडतो. कुठं बघायचं, ते हा फोटो सांगतो. तिथं काय आहे, ते त्याला सांगता येत नाही. त्यासाठी आत जाऊनच बघावं लागेल. धुराचं कळलं म्हणून माझी आशा थोडी वाढली, एवढंच. आतून बघायचं तर मी कालच म्हणाले होते."

"पण सुईनं पसरतो मॅडम," प्रेमानंद म्हणाला. "आमच्या डोळ्यांसमोर झालं."

"पाठीतल्या सुईनंतर थोडं रक्त येतं, बऱ्याच जणांना येतं. पण आठ दिवसांत ग्रंथी अशा भरत नाहीत. हे जे काय आहे, ते फार आधीपासूनचं आहे."

"आणि नसली काजळी तर? मग उगीच तिला टोचायचं काहून? फोटोत सगळं दिसून तर राहिलंय."

"तुम्ही म्हणता तसं निघालं, तर मी तुम्हाला तसंच सांगेन. पण नुसत्या फोटोवरून यांचं ऑपरेशन रद्द करायला माझा हात धजत नाही."

आणि मग सोजराबाई बोलली. आजार कळल्यापासून तिच्याविषयी बोलायला सगळे होते, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"प्रेमा, शाळंत गुरुजी रंग बघून वाढा म्हणायचे, तवा मी वाढलं का कदी?"

तो खिशातलं पेन चाचपायला लागला.

"तू जेवलास त्या पंगतीत. सांग की."

"न्हाई वाढलं."

"मंग माझं मरण रंग बघून ठरवू नका. मॅडम, घाला सुई."

ती हे रागानं बोलली नाही. पाणी मागावं तशी बोलली. शेषरावांनी मात्र मान फिरवून डोळे पुसले.

ती सुई वेगळीच होती. मॅडमनी समजावलं होतं. तोंडातून एक लवचिक नळी श्वासनळीत घालायची, टोकाला सोनोग्राफी आणि बारीक सुई. नळीनं ग्रंथी शोधायची, सुईनं भिंतीपलीकडून कण ओढायचे. नळीचं ऐकून मला आपलेपणा वाटला, खरं सांगते. जिच्यात इतकी वर्षं फुंकलं तिच्यासारखीच एक नळी आता आत जाऊन बघणार होती. काम झालं, घसा दुखला आणि दुपारनंतर तिनं थंड दूध घेतलं. पसरलं-बिसरलं काही नाही.

चार-पाच दिवसांनी निकाल आला. कणांमध्ये कॅन्सर दिसला नाही, काळे कण दिसले.

प्रेमानंद खुर्चीतून उठलाच. "झालं तर मग. करा मॅडम ऑपरेशन. उद्याच करा."

"बसा," मॅडम म्हणाल्या. "मला अजून एकदा बघायचं आहे."

आता ऐका गंमत. सुईला नाही म्हणणारा हाच पोरगा सुईचा शब्द ब्रह्मवाक्य मानायला तयार झाला होता. माणसाला हवं ते कळलं की पुढचं कळून घ्यायची त्याची तयारी नसते, हे मी चुलीपाशी बसूनही पाहिलं आहे.

मॅडम म्हणाल्या, "सुईत येतो तो जरासा कण. तो साफ निघाला म्हणून अख्खी ग्रंथी साफ, असं म्हणता येत नाही. आणि फोटो इतका उजळ असताना तर मी म्हणणारच नाही. गळ्याच्या खाली बोटभर चिरा घ्यायचा, पूर्ण भूल देऊन. तिथून दुर्बीण घालून ग्रंथींचे चांगले तुकडे काढायचे. यात धोका अगदी नाही असं मी म्हणणार नाही. तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. पण चुकून ऑपरेशन केलं आणि आजार तिथं होता असं नंतर निघालं, तर यांचं फुप्फुस गेलं आणि उपयोगही झाला नाही, असं होईल."

"आदी फोटो, मग सुई, आता चिरा," प्रेमानंदचा आवाज चढला. "किती परीक्षा घ्यायच्या एका बाईच्या?"

शेषराव पहिल्यांदा बोलले. मिस्त्री माणूस, कमी बोलणारा. "मॅडम, तुमची माय असती तर?"

"केलं असतं," मॅडम म्हणाल्या.

सोजराबाई म्हणाली, "वरचा घास झाला. तळचा बी घ्या."

आणि चिरा झाला.

निकाल यायचे ते दिवस मला आठवतात. तिच्या गळ्याला पट्टी, आवाज बसलेला, मान वळवता येईना. पल्लवी लेकराची शाळा म्हणून गावी परत गेलेली. शेषराव औषधांच्या रांगेत. तेव्हा प्रेमानंदनं माझ्याकडं बघितलं. बघितलं म्हणजे काय, लहानपणी तलवार करून खेळला असेल, त्यानंतर आत्ताच.

त्यानं चूल पेटवायला घेतली. सरपण ओलसर होतं. मला ओठाला लावलं आणि जोर लावून फुंकला. फुंकल्यावर श्वास घ्यायला मान मागं करावी, बाजूला वळावं, हे त्याला कुठलं माहीत. तिथंच ओढला. धूर सरळ आत गेला. खोकून खोकून बेजार झाला, इस्त्रीच्या शर्टावर राख. थोडा थांबून पुन्हा फुंकला, पुन्हा ओढला, पुन्हा खोकला. जाळ काही लागेना.

ओट्यावर टेकून बसलेली माय हे बघत होती. बसक्या आवाजात म्हणाली, "बाजूला वळून घे श्वास. समोर न्हाई घ्यायचा."

"तू घेत होतीस का बाजूला वळून?"

"माझ्या बाजूला बी धूरच व्हता बाबू. चारी भिंतींना पत्रा."

त्यानं मला खाली ठेवलं. तिच्या पायांजवळ जाऊन बसला आणि रडला. धुराचं निमित्त त्यानं सांगितलं नाही. "मी लोकांना घरी असते म्हणून सांगत होतो," एवढंच म्हणाला. तिनं त्याच्या केसांतली राख झाडली आणि म्हणाली, "भूक लागली असंल. त्या शेजारच्या बाईकडून रॉकेल माग जरा."

निकाल सांगताना मॅडमनी त्यांना एक फोटो दाखवला. या फोटोत उजेड नव्हता. नुसत्या ग्रंथींचे तुकडे, पांढऱ्या ताटलीत ठेवलेले. कोळशासारखे काळे.

"काजळी," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या ग्रंथींत काजळी आणि जुनी सूज. कॅन्सरची एकही पेशी सापडली नाही. आता मी ऑपरेशन करायला मोकळी आहे."

मला वाटलं होतं सगळे हसतील. पण त्या काळ्या तुकड्यांकडं बघत राहिले सगळे. शाळेतून पास होऊन गेलेली किती पोरं, त्यांच्या दुपारच्या जेवणाचा धूर तिथं जमा होऊन बसला होता. कुणी आता पोलीस आहे, कुणी पुण्याला कंपनीत. त्यांना काय ठाऊक.

सोजराबाईनं विचारलं, "हे काळं निघंल का मॅडम?"

"नाही मावशी. थोडं आम्ही काढू, बाकीचं राहणार. त्याच्यासकट जगायचं."

"जगू," ती म्हणाली.

ऑपरेशनला खूप वेळ लागला. शेषराव पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसले होते. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. प्रेमानंद फेऱ्या मारत होता. तिथं एक बाई नोंदी करत होत्या, त्यांनी पेशंटचं काम विचारलं. तो उभा राहिला आणि नीट, सगळ्या बाकावरच्यांना ऐकू जाईल असा बोलला, "शाळेत स्वयंपाक करतात. माझ्याच शाळेत." शेषरावांनी मान वर करून पोराकडं बघितलं. मी त्यांच्या मांडीवर होते, मला त्यांचा सुस्कारा कळला.

उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला. सोबत काढलेल्या ग्रंथी पुन्हा तपासल्या, त्याही काळ्या आणि साफ. मॅडमनी तेव्हाही उगीच गोड बोलणं केलं नाही. दर काही महिन्यांनी यायचं, बरीच वर्षं लक्ष ठेवायचं, धुरापासून लांब राहायचं, आणि दम पूर्वीसारखा येणार नाही, असं सांगितलं.

ते खरंच झालं. हापशापासून घरापर्यंत ती आता तीनदा थांबते. थांबली की कुणाशी तरी बोलायला थांबलेय असं दाखवते. गावातल्या बायकांना ते कळतं, त्याही मग बोलतात.

शाळेत आता पुजा नावाची पोरगी खिचडी करते. अंगानं बारीक, नुकतीच लग्न होऊन आलेली. प्रेमानंद काळ्या ग्रंथींचा तो फोटो घेऊन शाळेत गेला, गुरुजींना भेटला, गावकऱ्यांना दाखवला. पत्र्याला एक मोठी खिडकी पाडली, शेगडीही आली. पण सिलेंडर कधी असतो, कधी नसतो. नसतो तेव्हा पुजा चूल पेटवते. तिनं नवीन फुंकणी आणली आहे. ती माझ्यापेक्षा लांब आहे म्हणे. सोजराबाईच म्हणाली होती तिला, लांबडी घे, तोंड लांब राहतं.

तुमच्या गावात शाळा असेल. एखाद्या दिवशी जेवणाच्या आधी तिच्या मागच्या अंगाला जाऊन या. दारातून नको, आत जा आणि तिथं एक श्वास घेऊन बघा. रुमाल न लावता. माझं सांगणं संपलं असं समजा.

राहिलं माझं. परवा घरातला गॅस संपला. अंगणातल्या चुलीवर पाणी ठेवायचं होतं, पल्लवी दळण आणायला गेली होती. सोजराबाई कोनाड्यापाशी आली. मला उचललं, पदरानं माझं तोंड पुसलं आणि चुलीपाशी नेऊन ओठाला लावलं. किती महिन्यांनी. शेषराव ओसरीवर होते, जागचे हलले नाहीत, पण त्यांचा चहाचा कप हातातच राहिला. तिनं श्वास भरून घेतला. तो वरपर्यंत भरला नाही, मला कळलं. उजवीकडं कुठंतरी पोकळ राहिलं.

मी वाट बघितली. माझ्या आयुष्यात मी कधी देवाजवळ, बुद्धाजवळ काही मागितलं नाही, पण तेव्हा मनात म्हटलं, फुंकू नको बाई.

तिनं मला ओठांवरून काढलं. दवाखान्यात शिकवला होता तसा तो श्वास हळूहळू मोकळ्या अंगणात सोडला आणि म्हणाली, "येऊ द्या पल्लवीला. काय घाई हाय."

मग मला पुन्हा कोनाड्यात ठेवलं. तिथंच राहू द्या मला. आतून गंज चढला तरी माझी तक्रार नाही. तिच्यापाशी जेवढा वारा उरलाय, तेवढा तिला तिच्यासाठीच लागणार आहे.